'आपली अमेरिका' की 'आमची अमेरिका'?

क्यूबन कवी होसे मार्तीचा 'नुएस्त्रा आमेरिका' हा १८९१ मधील निबंध वर्गात शिकविताना शीर्षकाचे मराठी रूप काय करावे, हा प्रश्न दरवर्षी उपस्थित होतो. इंग्रजीमार्गे येणारे विद्यार्थी 'आमची अमेरिका' असे लिहून मोकळे होतात. एकाने तर हा निबंध अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा गौरव करण्यासाठीच लिहिलेला आहे असे गृहीत धरून उत्तर लिहिले होते. त्याला दोष द्यावा असे प्रस्तुत लेखकाला वाटले नाही. मराठीत 'अमेरिका' म्हणजे वॉशिंग्टन, न्यूयॉर्क. पुतण्या नोकरीनिमित्त गेला तो देश. मार्तीने मात्र न्यूयॉर्कमध्ये राहूनच हा निबंध लिहिला, आणि तो उत्तरेकडील ह्याच बलाढ्य शेजाऱ्याविषयी आपल्या लोकांना सावध करणारा आहे.

वस्तुतः हे नाव मुळात दक्षिणेचे. १५०७ साली वाल्डझेम्युलरच्या नकाशात ते आजच्या दक्षिण अमेरिकेच्या भूभागावर छापले गेले; उत्तरेकडील भूमीलाही ते मर्काटरने १५३८ च्या नकाशात लावले. स्पॅनिश भाषक देशांतील शाळांतून आजही बहुधा एकच अमेरिका खंड शिकविला जातो, आपल्यासारखी दोन नव्हेत. त्यामुळे एका देशाने सबंध खंडाचे नाव बळकावले, ही तिकडची तक्रार केवळ भावनिक म्हणता येत नाही. संयुक्त संस्थानांच्या नागरिकासाठी स्पॅनिशमध्ये 'एस्तादोउनिदेन्से' असा स्वतंत्र शब्द आहे. मराठीत तसा नाही, आणि 'संयुक्तसंस्थानी' असे काही सुचवून हशा ओढवून घेण्याची इच्छाही नाही.

सोय म्हणून आपण 'लॅटिन' हे विशेषण जोडतो. तथापि, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून रूढ होत गेलेल्या ह्या विशेषणात केचुआ, आयमारा, ग्वारानी बोलणारे कोठे बसतात? पेरूच्या होसे मारिया आर्गेदासने कादंबऱ्या स्पॅनिशमध्ये लिहिल्या, पण कविता केचुआमध्ये. त्या कविता 'लॅटिन' कोणत्या अर्थाने? शिवाय मार्तीच्या शीर्षकात 'लॅटिन' घालणे म्हणजे ज्या नावावर त्याने हक्क सांगितला, तेच त्याच्या हातून काढून घेणे होय.

खरी कसोटी सर्वनामाची आहे. 'नुएस्त्रा' ह्या शब्दात ऐकणारा आत की बाहेर, हे ठरत नाही. मराठी ते ठरवायला भाग पाडते. 'आमची' म्हटले की मार्ती उत्तरेकडे तोंड करून भांडतो आहे असे वाटते. 'आपली' म्हटले की तो भाऊबंदांशी बोलतो. निबंधाचा सूर दुसरा आहे. राज्यकर्त्यांना स्वतःच्या भूमीचे ज्ञान हवे, ग्रीसच्या आधी इंकांचा इतिहास शिकविला जावा, हा त्याचा आग्रह म्हणजे घरातल्यांना सुनावलेले बोल आहेत. म्हणून प्रस्तुत लेखकाने 'आपली अमेरिका' पत्करले आहे. मराठी वाचक त्या 'आपली'त मोडत नाही आणि 'अमेरिका' ह्या शब्दापाशी तो अडखळणारच. त्यासाठी तळटीप द्यावी लागेल.

अभ्यासमंडळांना मात्र एक सूचना करावीशी वाटते. जेथे 'अमेरिकन साहित्य' अशा मथळ्याची अभ्यासपत्रिका आहे, तेथे एक तर मार्ती आणि नेरूदा ह्यांना आत घ्यावे, नाही तर मथळ्यात 'संयुक्त संस्थानांतील' हा शब्दप्रयोग करावा.