कांबळं आणि पोहण्याचा पोशाख
फ्रँक काप्राच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’मध्ये क्लार्क गेबल दोन खाटांच्या मध्ये दोरी बांधून तिच्यावर कांबळं टाकतो, आणि एवढ्या सोवळ्या प्रेमकथेला १९३५ साली पाचही मुख्य ऑस्कर मिळतात. तीन वर्षांनी, १९३८ मध्ये, आमच्या कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सनं ‘ब्रह्मचारी’ सिनेमात मधलं कांबळंच काढून टाकलं. आचार्य अत्र्यांच्या लेखणीतला ब्रह्मचारी औदुंबर घरातल्या नट्यांच्या तसबिरी फेकून देतो, आचार्य चंडिरामांच्या संस्थेत दाखल होतो, आणि मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात गाणं म्हणत समोर येते. झालं, व्रताचे तीन तेरा! संस्कृतिरक्षकांनी आकांडतांडव केलं, सिनेमा मात्र धो धो चालला. नाकं मुरडणाऱ्यांतले किती जण तिकीट काढून आत बसले होते, ते डोअरकीपरलाच ठाऊक. मला विचाराल तर खरी गंमत त्या पोशाखात नाहीच, औदुंबर झालेल्या मास्टर विनायकांच्या चेहऱ्यावर आहे. बघायचं नाही असं ठरवलेल्या माणसाचं बघणं त्यांनी असं रंगवलंय, की गेबलनं शिकवणी लावावी. बाकी मीनाक्षीबाईंच्या नाती नम्रता आणि शिल्पा पुढं हिंदीत नायिका झाल्या. पण कोल्हापुरात जुन्या माणसांपुढं शिरोडकर म्हटलं, की विषय आजीचाच निघतो.