किती पाउंडांचं धनुष्य घेऊ, काका?

गेल्या वर्षभरात पेडण्यातून आणि डिचोलीतून, तीन वेगवेगळ्या घरांतून, मला एकच प्रश्न आला. विचारणारी मुलं पंचविशी-तिशीतली, शिकलेली, एकजण तर मोपाच्या विमानतळावर नोकरीला. "काका, कंपाउंड बो घेतोय, डुकरासाठी. किती पाउंडांचा घेऊ?" मी कुणी तिरंदाज नव्हे. नात पुण्यात तिरंदाजी शिकते आणि दोन वर्षं तिला मैदानावर नेणं-आणणं माझ्याकडे होतं. तिथल्या बाकावर बसून जे कानावर पडलं, तेवढंच माझं शिक्षण. पण गावात बातमी पोचायला तेवढं पुरतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. धनुष्य जरूर घ्या, पण डुकरासाठी घेऊ नका. का, ते जरा सविस्तर लिहितो, कारण "कायद्याने बंदी आहे" एवढं म्हटलं की ही मुलं मान डोलावतात आणि मोबाइलवर पुढचा व्हिडिओ लावतात.

त्यांचा राग खोटा नाही, हे आधी मान्य करायला हवं. हणखणे, इब्रामपूर, तांबोसे काय किंवा इकडे लाटंबार्से, साळ काय, भात पोटरीला आलं की रानडुकरांचा कळप एका रात्रीत कोपरा लोळवून टाकतो. नाचणी नाही, सुरण-कणगी नाही, काही सोडत नाही. मी बँकेत असताना पीककर्जाच्या पाहणीला जायचो. शेतकरी बांधावर उभा राहून नुसता हात दाखवायचा, बोलायचा नाही. हप्ता थकला की आमच्या कागदावर कारण लिहायला रकाना असायचा, त्यात 'डुक्कर' लिहायची सोय नव्हती! निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा, आणि डुकरांना आचारसंहिता कोण सांगणार? त्यामुळे ज्याला आवाज नाही, परवान्याची कटकट नाही असं हत्यार पोरांना मोहात पाडतं, यात नवल नाही.

माझ्या लहानपणी, म्हणजे पोर्तुगीज जाण्याच्या आसपास, आमच्याकडे पारध उघड व्हायची. केपाची बंदूक, चार कुत्री, हाकारे घालणारे दहा-बारा जण. नंतर मांसाचे वाटे पडायचे, त्यात गोळी घालणाऱ्याचा वाटा वेगळा. ते दिवस मला आठवतात आणि त्यांची चवही आठवते, उगाच सोवळेपणाचा आव आणत नाही. पण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि तो विषय संपला. या कायद्यात 'शिकार' शब्दाची व्याप्ती मोठी आहे. नुसता प्रयत्न केला, फास लावला, हाका घातला तरी ती शिकारच. धनुष्याला सूट कुठेही नाही. डुकराच्या बाबतीत तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय हत्यार आणि गाडी जप्त. सरकारी नोकरीवाल्याने पुढचा हिशेब स्वतः करावा.

आता कायदा बाजूला ठेवून नुसतं धनुष्य बघू. कंपाउंड बो अमेरिकेत मिझुरीच्या हॉलिस विल्बर ॲलनने काढला, १९६९ साली त्याचं पेटंट मिळालं. दोन्ही टोकांना चाकं असतात. दोरी ओढताना मध्येच पूर्ण जोर लागतो, मग चाक फिरतं आणि हातावरचं ओझं एकदम उतरतं. साठ पाउंडांचं, म्हणजे सुमारे सत्तावीस किलो ओढीचं धनुष्य, ऐंशी टक्के ओझं उतरणारं असेल, तर पूर्ण ओढल्यावर हातावर बाराच पाउंड राहतात, साडेपाच किलो. म्हणून नेम धरून थांबता येतं. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत हरणाच्या शिकारीला किमान पस्तीस-चाळीस पाउंडांची अट असते. पोरांनी हा आकडा व्हिडिओत ऐकला आणि डुक्कर जाड कातडीचं म्हणून मनानेच सत्तरवर नेला.

पण बाण आणि गोळी यांचं काम वेगळं. गोळीच्या धक्क्याने जनावर बसतं. बाणाचं पातं आतून कापतं आणि रक्त जाऊन जनावर मरतं. म्हणजे बाण नीट लागला तरी ते पळतं. तिकडचे जाणते शिकारी वीस-तीस यार्डांपलीकडे बाण सोडत नाहीत, आणि सोडल्यावर अर्धा-एक तास गप्प बसून मग रक्ताचा माग काढतात. आपल्याकडे हे कुठे करणार? पावसाळ्यात, रात्री, टॉर्चच्या उजेडात, करमलीच्या जाळीत? एका सरीत माग धुऊन जातो. नर डुकराच्या खांद्यावर कूर्चेचं जाड कवच असतं, बाण तिथे अडकला तर जनावर मरतही नाही. ते जखमी डुक्कर काजूच्या डोंगरात जाऊन बसतं आणि सकाळी बोंडू वेचायला येते ती दुसऱ्याची आई. मला या सगळ्या प्रकरणात खरी भीती वाटते ती इथे. सत्तर पाउंडांनी ती कमी होत नाही. डुकरासाठी लावलेल्या फासात बिबटा अडकल्याच्या बातम्या आपण वाचतोच. अंधारात हललेल्या झुडपावर बार काढून सोबतचाच माणूस गेला, हेही वाचलंय.

मग धनुष्य कशासाठी? खेळासाठी, आणि तिथे पाउंडांचा प्रश्न फार चांगला आहे. जागतिक स्पर्धेत कंपाउंडला साठ पाउंडांची कमाल मर्यादा आहे. लक्ष्य पन्नास मीटरवर, दहाचं वर्तुळ आठ सेंटीमीटरचं, बाण पंधरा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, अंतिम फेरीत दीडशेपैकी १४९. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने दीडशेपैकी दीडशे केले. दोघेही साताऱ्यात प्रवीण सावंतांकडे शिकलेले. अदितीचे वडील शिक्षक, मुलीच्या खेळासाठी त्यांनी कर्ज काढल्याचं छापून आलं होतं. बँकवाला म्हणून सांगतो, असं कर्ज मंजूर करायला मला आवडलं असतं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिश्र जोडीची स्पर्धा पहिल्यांदाच होणार आहे.

घ्यायचंच तर आधी ओढीची लांबी मोजा, पाउंड नंतर. दोन्ही हात आडवे पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत इंच मोजायचे आणि अडीचने भागायचं. साडेसदुसष्ट आले तर सत्तावीस इंच. हा पहिला अंदाज, बाकी प्रशिक्षक ठरवतो. पाउंडासाठी मैदानावरची साधी परीक्षा आहे. खुर्चीवर बसायचं, पाय जमिनीवरून उचलायचे आणि धनुष्य आकाशाकडे न नेता सरळ समोर ओढायचं. अंग वाकडं झालं, दात आवळले, तर ते तुमचं वजन नाही. नवीन धडधाकट तरुणाने चाळीसच्या आसपास सुरुवात केली तर खांदा टिकतो. बोल्ट फिरवून जोर कमी-जास्त करता येतो, म्हणून खाली-वर होणारं घ्या. बाण न लावता दोरी कधीही सोडू नका, धनुष्य फुटतं आणि डोळ्याला इजा होऊ शकते. स्पर्धेचा पूर्ण संच लाखाच्या पुढे जातो, तेव्हा पहिले सहा महिने क्लबचं वापरावं. व्हिडिओ बघून ऑनलाइन मागवलेलं सत्तर पाउंडांचं धनुष्य शेवटी माळ्यावर जातं, नाहीतर वाईट कामाला लागतं.

आणि डुकराचं काय? कायद्यातच वाट आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवानगी देऊ शकतो. केरळने २०२२ मध्ये हा अधिकार ग्रामपंचायतीच्या प्रमुखापर्यंत आणला, बंदूक मात्र परवानाधारकाचीच. गोव्याने हे का करू नये, असा ठराव ग्रामसभेत कुणी मांडला तर मी सही करायला येतो. २०२० च्या जानेवारीत सत्तरीत विषाने वाघीण आणि तीन बछडे मेले. गुरं गेलेल्या माणसाचं गाऱ्हाणं कुणी ऐकत नाही असं वाटलं की गोष्टी कुठवर जातात, ते तेव्हा दिसलं.

तोवर कुंपण. कृषी खात्याकडून त्याला अनुदान मिळतं, सौर कुंपणालाही. कृषी कार्ड आणि एक-चौदाचा उतारा घेऊन विभागीय कृषी कार्यालयात जायचं. एकट्याने घातलं तर डुक्कर शेजाऱ्याच्या बांधावरून आत येतं, म्हणून पाच-सहा घरांनी मिळून सलग घालावं. अर्ज काजूचा हंगाम सुरू होण्याआधी टाका. एकदा बोंडू पडायला लागले की घरात कुणाला कागद शोधायलाही सवड नसते.