हमीपत्राची मागची बाजू

पावसाळ्यात दमणगंगेच्या काठी, आमच्या सिल्वासात, पापडांपासून पुस्तकांपर्यंत सारे काही सादळते. संगणक तरी कसा सुटावा? त्यातच शेजारी ठेवलेला चहाचा पेला लवंडतो आणि मग कपाटातले हमीपत्र शोधले जाते.

ते पत्र यंत्र घरी आणल्या दिवशीच वाचावे, असे आम्हांस वाटते. वर्षभराची हमी बहुधा कारखान्यातच राहिलेल्या दोषांपुरती असते. सांडलेले पाणी, पडून तडकलेला पडदा, विजेच्या दाबातील चढउतार, परक्या कारागिराने उघडलेले झाकण, ह्यांचा भुर्दंड मालकाच्याच माथी. 'पाणी आत गेलेच नाही' असे सांगूनही भागत नाही. काही संगणकांच्या पोटात ओल लागताच तांबडी होणारी पांढरी चिकटपट्टी असते. (घरभेदीच म्हणा ना!) अपघाती नुकसानीचे संरक्षण निराळे पैसे मोजून घ्यावे लागते. आतील छायाचित्रांची व हिशेबांची हमी मात्र कोणीच घेत नाही.

परंतु दोष खरोखर यंत्राचाच असताना 'तुम्हीच बिघडवले' असे उत्तर मिळाले, तर गप्प बसू नये. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे विक्रेत्याच्या गावी किंवा तक्रारीचे कारण घडले तेथेच दाद मागावी लागे. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या कायद्याने राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे जाण्याची मुभा दिली. मुंबईत घेतलेल्या संगणकाच्या तक्रारीसाठी वापीला जाऊन गाडी धरणे त्यामुळे टळले. मुदत दोन वर्षांची आहे. पावती आणि दुरुस्ती केंद्राचा लेखी अभिप्राय तेवढा मागून घ्यावा. तोंडी नकार आयोगापुढे ठेवता येत नाही.