वादळाचा इशारा पुरा केव्हा होतो?

चक्रीवादळाची बातमी आली की आपण पहिला प्रश्न विचारतो तो वाऱ्याच्या वेगाचा. तासाला १०० किलोमीटर की १५०? पण समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-तीन मीटर उंच असलेल्या बेटावर जो राहतो, त्याचा प्रश्न निराळा असतो. पाणी किती चढेल, आणि ते चढण्यापूर्वी मला उंच जागी पोहोचता येईल का? ज्या इशाऱ्यात या प्रश्नाचे उत्तर नाही तो इशारा अपुरा आहे, असे माझे मत आहे. ते का, हे बंगालच्या उपसागराच्या माथ्यावरील बेटांच्या उदाहरणावरून पाहू.

भोला, हातिया, मनपुरा, सनद्वीप ही बांगलादेशातील बेटे गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना या नद्यांनी आणलेल्या गाळाची बनलेली आहेत. जमीन सुपीक, पाण्यात मासळी विपुल. म्हणून वस्तीही दाट. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री येथे एक भयंकर चक्रीवादळ आले. तेव्हा हा भाग पूर्व पाकिस्तानात होता. या वादळात ३ ते ५ लाख माणसे मृत्युमुखी पडली असावीत असा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक माणसे बुडून मेली.

पाणी एवढे का चढते? वादळाच्या केंद्रात हवेचा दाब कमी असतो. दाब १ मिलिबारने उतरला की समुद्राची पातळी सुमारे १ सेंटिमीटरने वर उचलली जाते. म्हणजे दाब ५० मिलिबारने उतरला तरी पाणी अर्धा मीटरच चढेल. खरे काम वारा करतो. तो पाणी सतत किनाऱ्याकडे ढकलीत राहतो. समुद्र खोल असता तर हे पाणी खालून परत फिरले असते. पण या उपसागराचा माथा उथळ आहे आणि नरसाळ्यासारखा निमुळता होत गेलेला आहे. पाण्याला जायला वाट उरत नाही, म्हणून ते चढते. त्यातच भरतीची वेळ गाठली तर संकट दुप्पट होते. १९७० मध्ये नेमके तसेच झाले, आणि काही ठिकाणी पाणी ६ मीटरांहूनही अधिक चढले.

तुम्ही म्हणाल, त्या काळी वादळ येणार हे आधी कळत नसेल. पण ते कळले होते! उपग्रहाने घेतलेल्या छायाचित्रांत ते दिसले होते. रेडिओवरून इशारेही दिले गेले होते. नंतर केलेल्या पाहणीत असे आढळले की, किनाऱ्यावरील बहुतेक लोकांना वादळाची वार्ता पोहोचली होती. पण पक्क्या इमारतीत आश्रयाला गेलेले लोक अगदी थोडे होते. वादळ येत आहे हे त्यांना समजले. पाणी घराच्या छपरावरून जाईल हे समजले नाही. आणि ज्यांना समजले असेल त्यांनी तरी जावे कोठे? उंच आणि भक्कम इमारती बेटांवर नव्हत्याच म्हटल्या तरी चालेल.

पुढे १९७२ मध्ये रेडक्रॉसच्या पुढाकाराने तेथे स्वयंसेवकांची योजना सुरू झाली आणि लवकरच बांगलादेश सरकारही तीत सहभागी झाले. स्वयंसेवक त्याच गावचे. त्यांच्याजवळ ट्रान्झिस्टर रेडिओ, कर्णा आणि हाताने फिरवायचा भोंगा. धोका वाढत जाईल तसे एक, दोन आणि तीन झेंडे चढवायचे, घरोघर जाऊन सांगायचे, म्हाताऱ्यांना हात देऊन नेायचे हे त्यांचे काम. गुरांना सोडून लोक हलत नाहीत हे ओळखून मातीचे उंच टेकाडही उभारले गेले. पाणी ओसरल्यावर पिण्याचे पाणी खारट होऊ नये म्हणून कूपनलिकेचे तोंड आधीच प्लॅस्टिकने घट्ट बांधायला शिकवले गेले.

तरीही २९ एप्रिल १९९१ च्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार लोक दगावले. आश्रयगृहे अपुरी होती. मृतांत पुरुषांपेक्षा स्त्रिया फार अधिक होत्या. घर सोडण्याचा निर्णय त्यांच्या हाती नव्हता, आणि परक्या पुरुषांच्या गर्दीत जाण्याचा संकोच होता. हा धडा घेऊन आश्रयगृहे वाढवली गेली, स्त्रियांना स्वयंसेवक करून घेतले गेले. आज सुमारे ७६ हजार स्वयंसेवकांत निम्म्या स्त्रिया आहेत. १५ नोव्हेंबर २००७ रोजी ‘सिद्र’ हे अतितीव्र वादळ आले तेव्हा मृतांची संख्या सुमारे ३,४०० होती. दोन वादळे अगदी सारखी कधीच नसतात, आणि ३,४०० हा आकडाही लहान नाही. पण १९७० शी ताडून पाहा!

यात उपग्रह, रडार आणि संगणक यांचा वाटा मोठा आहेच. परंतु उपग्रह १९७० मध्येही होता. नव्हता तो कर्णा घेऊन दारात उभा राहणारा ओळखीचा माणूस, आणि पोहोचता येईल असे उंच ठिकाण. या दोन गोष्टीही वादळविज्ञानाचाच भाग मानल्या पाहिजेत.

तिसरी गोष्ट तुमच्या हातची आहे. हवामानखाते वादळाच्या केंद्राचे अक्षांश-रेखांश वेळोवेळी जाहीर करते. ते नकाशावर मांडायला शिका. समजा, केंद्र सकाळी ६ वाजता १७.५ अंश उत्तर अक्षांशावर होते आणि संध्याकाळी ६ वाजता १९ अंशांवर आले. १ अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. १२ तासांत सुमारे १६६ किलोमीटर, म्हणजे ताशी सुमारे १४. हातिया २२.३ अंशांच्या आसपास आहे. अंतर उरले सुमारे ३६६ किलोमीटर, वेळ २६ तास. मग उद्या दुपारी निघाले तर चालेल का? मुळीच नाही! जोराचे वारे केंद्राच्या पुढे १५० किलोमीटरपर्यंत पसरलेले असतील, तर ते १५ तासांतच, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास येऊन थडकतील. नावा त्याआधीच बंद होतील. मध्ये आहे अंधारी रात्र. म्हणून निघायचे ते आज संध्याकाळीच.

काही जण म्हणतील, हे तज्ज्ञांचे काम; मुलांनी पेन्सिलीने रेघा ओढल्या तर अफवाच पसरतील. वादळ वळते, वेग बदलते, म्हणून अंतिम शब्द हवामानखात्याचाच, हे मलाही मान्य आहे. पण जो स्वतः हिशेब करतो त्याला ‘अजून २६ तास आहेत’ या वाक्यातील फसगत कळते. अफवेवर विश्वास बसतो तो न समजणाऱ्याचा.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेल्या ‘निसर्ग’ वादळाचे नाव बांगलादेशानेच सुचवलेले होते. नावापेक्षा मोलाचे असे त्या देशाकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. भूगोलाच्या तासाला नदीची लांबी आपण पाठ करतो. मग आपल्या गावातील सर्वांत उंच पक्की इमारत कोणती, तिची किल्ली कोणाकडे असते आणि आपल्या आळीतील कोणाला चालता येत नाही, हेही का शिकू नये? किनाऱ्यावरील प्रत्येक शाळेने पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीपूर्वी, म्हणजे वादळांच्या दोन्ही हंगामांआधी, हे प्रश्न मुलांना विचारावेत. इशारा हवामानखात्यातून निघतो तेव्हा तो सुरू होतो. शेवटच्या घरातला शेवटचा माणूस उंच जागी पोहोचतो तेव्हाच तो पुरा होतो.