गाठ सुटते का?

“ताई, तू सायन्सला आहेस ना? मग सांग, ही गाठ परत सुटते का गं?”

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी सुरतेला मामांकडे गेले होते, तेव्हा शेजारच्या वहिनींनी मला हा प्रश्न विचारला. मामा पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये कामाला आहेत आणि राहतात लिंबायतला. लिंबायत, उधना, डिंडोली हा भाग म्हणजे सुरतेत वसलेले खानदेशच. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून ताप्ती लाइनच्या गाडीत बसून आलेली माणसे येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. गल्लीत गुजरातीच्या बरोबरीने अहिराणी कानी पडते.

वहिनींचे वय अवघे २९. एक मुलगी आठ वर्षांची, तिच्या पाठचा मुलगा. मुलगा झाला त्याच आठवड्यात, म्हणजे तेविसाव्या वर्षी, गावाकडे त्यांचे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झाले. सासूबाई म्हणाल्या, “एक मुलगी, एक मुलगा, झाला संसार पुरा.” वहिनींनाही ते पटले होते. पण मागच्या पावसाळ्यात तापाचे निमित्त झाले आणि चार दिवसांत मुलगा गेला. आता त्यांना पुन्हा मूल हवे आहे.

वाचकहो, स्त्रीच्या प्रजननसंस्थेची आकृती मी परीक्षेत कितीदा काढली आहे. नावे दिली आहेत, गुणही मिळविले आहेत. पण वहिनींच्या प्रश्नापुढे मी गप्प बसले. उत्तर मला त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेल्यावर मिळाले.

तेथील डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, “ऑपरेशनचा कागद आहे का? नळी कापून बांधली होती, की रिंग घातली होती?” वहिनी माझ्याकडे पाहू लागल्या. कागद घर बदलताना कुठे गेला कोण जाणे. आणि नळीचे नेमके काय केले, हे त्यांना कधी कोणी सांगितले नव्हते, त्यांनीही विचारले नव्हते. “बाई, मला वाटलं गाठ मारलीय. गाठ मारली म्हणजे सुटणारच ना?”

डॉक्टरीणबाईंनी कागदावर आकृती काढून समजावले. गर्भनलिका साधारण दहा-बारा सेंटिमीटर लांब असते. स्त्रीबीज आणि शुक्रजंतू यांची गाठ तिच्यातच पडते. नसबंदीत ही वाट बंद करतात, पण ती बंद करण्याच्या तऱ्हा निराळ्या. क्लिप लावली तर नळीचा अगदी थोडा भाग निकामी होतो. रिंग घातली तर दोन-तीन सेंटिमीटर जातात. बाळंतपणानंतर बहुधा नळीचा वेढा बांधून कापतात, त्यातही काही सेंटिमीटर जातात. विजेने जाळली असेल तर नुकसान त्याहून मोठे. आणि बीज टिपून घेणारे झालरीसारखे टोकच कापलेले असेल, तर आशा फारच थोडी.

गाठ सुटत नाही, हे मला तेव्हा कळले. मेलेला भाग काढून उरलेली दोन टोके केसापेक्षा बारीक दोऱ्याने, भिंगाखाली पाहून जोडावी लागतात. जोडून झाल्यावर नळी निदान चार सेंटिमीटर उरली तर बरे. बाईचे वय पस्तिशीच्या आत असेल, नळी पुरेशी उरली असेल आणि नवऱ्याची तपासणी ठीक असेल, तर अशा बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींना पुढे दिवस राहतात. चांगल्या हातांत हे प्रमाण सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंतही गेलेले आहे. चाळिशीनंतर मात्र ते झपाट्याने उतरते. शिवाय नळी मोकळी झाली म्हणजे मूल झालेच असे नाही. गर्भ नळीतच अडकून राहण्याचा धोका एरवीपेक्षा जास्त असतो. म्हणून पाळी चुकली की लगेच डॉक्टरांकडे जावे लागते, नाहीतर जिवावर बेतते. टेस्ट ट्यूबची दुसरी वाट आहे. तिच्यात नळीची गरज नाही, पण प्रत्येक खेपेचा खर्च वेगळा.

हे ऐकताना माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. वहिनींची आशा किती, याचा बराचसा निकाल सहा वर्षांपूर्वी ऑपरेशनच्या टेबलावरच लागला होता. पण त्या दिवशी त्यांच्याशी कोणी धड बोलले नव्हते.

आपल्याकडे हे काही एकट्या वहिनींचे दुखणे नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ ३८ टक्के स्त्रियांच्या घरी नसबंदी बाईची झालेली आहे. पुरुषाची किती घरांत? ०.३ टक्के! १९७६–७७ मध्ये, आणीबाणीच्या काळात, चित्र उलट होते. त्या वर्षी सुमारे ६२ लाख पुरुषांच्या नसबंद्या झाल्या, त्यांतल्या कितीतरी जुलमाने. त्या धसक्याने पुरुषांनी जे अंग काढून घेतले ते कायमचे, आणि सगळा भार बायकांवर आला. वास्तविक पुरुषाच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावे लागत नाही. पण हे काम बाईचेच, असे आपण ठरवून टाकले आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशने उरकली गेली आणि त्यानंतर डझनाहून अधिक बायका दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले.

कोणी म्हणेल, नसबंदी उलटविता येते असे सांगत सुटलात तर लोक ती हलक्याने घेतील. मला उलटे वाटते. वहिनींचा समज “गाठ सुटणारच” असा होता, तो अज्ञानातून आलेला. सरकारी संमतिपत्रात ही शस्त्रक्रिया कायमची असल्याचे लिहिलेले असते. ते वाचून दाखविले असते, तर त्या कदाचित म्हणाल्या असत्या, “मुलं जरा मोठी होऊ द्या, तोवर तांबी बसवते.” कुटुंबनियोजनाला माझा विरोध नाही. माझ्या आजीची आठ बाळंतपणे मला ठाऊक आहेत. पण नियोजन म्हणजे विचार करून ठरविणे, आणि ठरविणाऱ्याला सगळे ठाऊक असले पाहिजे.

दैव काय करील हे कोणाला सांगता येत नाही. २००४ च्या त्सुनामीत मुले गमावलेल्या, पण नसबंदी झालेल्या आयांसाठी तमिळनाडू सरकारने नळी जोडण्याच्या शस्त्रक्रियेची मोफत सोय केली होती. एका घरातले मूल गेले तर तेवढे लक्ष कोण देणार?

मित्रमैत्रिणींनो, चार-पाच वर्षांत आपल्यापैकी अनेकांचे संसार सुरू होतील. घरात आई, वहिनी, बहीण यांच्या ऑपरेशनचा विषय निघेल तेव्हा तीन गोष्टी करा. पद्धत कोणती, हे विचारा. कागद जपून ठेवा. आणि तिला स्वतःला हे आत्ताच हवे आहे का, हे घरच्या मोठ्यांदेखत एकदा विचारा. नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही, बाईची लागते. मुलांनो, ऑपरेशन तुमचेही होऊ शकते, हेही ध्यानात असू द्या. आमच्या प्राध्यापकांनाही विनंती, की आकृतीबरोबर हेही शिकवा.

परवा मामींचा फोन आला होता. वहिनींच्या नवऱ्याने आधी तपासणीला नकार दिला, मग मुकाट्याने करून घेतली. ती ठीक निघाली. पुढच्या महिन्यात पोटात दुर्बीण घालून नळी किती उरली आहे, ते पाहणार आहेत. वहिनींनी माझ्यासाठी निरोप ठेवला आहे : “ताईला सांगा, या वेळचा कागद मी ट्रंकेत कुलूप लावून ठेवलाय.”