एका दंगलीचा सरकारी इतिहास

रामनगरच्या रामलीलेतील पुतळे व शोभेचे दारूकाम पिढ्यान्‌पिढ्या मुस्लिम कारागीर करीत आले आहेत, हे उदाहरण धर्मनिरपेक्षतेवरील भाषणांतून इतक्या वेळा ऐकविले जाते की श्रोत्यांना ते पाठ झाले आहे. उदाहरण खरे आहे. पण ते पुरे पडत नाही. हिंदू आणि मुसलमान ही शतकानुशतके एकमेकांशी झुंजत आलेली दोन राष्ट्रे आहेत, असे म्हणणाऱ्याला पुतळ्यांची कथा सांगून निरुत्तर करता येत नाही. त्याचा 'शतकानुशतकांचा' इतिहासच तपासावा लागतो. इतिहासकार ज्ञानेंद्र पांडे यांनी नेमके हेच काम केले, आणि त्यासाठी निवडले ते रामनगरच्या समोरच्या तीरावरील बनारस शहर.

ऑक्टोबर १८०९ मध्ये बनारसला हिंदू-मुसलमानांची दंगल झाली. लाट भैरवाचा स्तंभ पाडण्यात आला, माणसे मारली गेली. पांडे यातले काहीही नाकारीत नाहीत. त्यांनी एवढेच केले की, पुढील शंभर वर्षांत ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्या दंगलीचे जे वृत्तांत लिहिले ते शेजारी शेजारी ठेवून वाचले. घटनेच्या वेळच्या सरकारी अहवालांत मृतांची संख्या तिसाच्या आत आहे. १९०७ च्या जिल्हा गॅझेटियरात ती शेकड्यांवर गेली. आरंभीच्या कागदांत ठिणगी पडते ती शहराच्या कडेला, लाट भैरवापाशी; नंतरच्या कागदांत ती थेट औरंगजेबाच्या मशिदीजवळ, विश्वेश्वराच्या दारी येते. दफन झालेली माणसे शतकभर वाढत राहावीत आणि घटनास्थळ चालत शहराच्या मध्यभागी यावे, हा चमत्कार साम्राज्याच्या लेखणीलाच साधावा! एका शहरातील एक दंगल अशा रीतीने साऱ्या हिंदुस्थानच्या भूतकाळाचा नमुना ठरविण्यात आली. ही जनता स्वभावतःच धर्मवेडी. सबब इंग्रजी संगीन हीच शांततेची हमी, हा त्यातून काढलेला निष्कर्ष होता.

याच गॅझेटियरी परंपरेने जे झाकले तेही पाहण्याजोगे आहे. त्या दंगलीला सव्वा वर्षही झाले नव्हते, तोच डिसेंबर १८१० मध्ये कंपनी सरकारच्या घरपट्टीविरुद्ध बनारस बंद पडले. हिंदू व मुसलमान, लोहार व नावाडी कामधंदा सोडून शहराबाहेर धरणे धरून बसले. त्यांची संख्या वीस हजारांवर गेली. धरमपाल यांनी या लढ्याची कागदपत्रे १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. लोकांची समजूत घालण्यास पुढे आले ते बनारसचे राजे उदितनारायण सिंह, ज्यांच्या आश्रयाने रामनगरची रामलीला बहरली. राजेसाहेबांची मध्यस्थी कोणाच्या सोयीची होती हे सांगणे नलगे. पण जनता हटली तरी मागणी हटली नाही. पुढे सरकारला हा कर मागे घ्यावा लागला. 'शतकानुशतकांच्या वैरा'त हे बसवावयाचे कोठे?

पांडे यांचा 'दि कन्स्ट्रक्शन ऑफ कम्युनॅलिझम इन कलोनिअल नॉर्थ इंडिया' हा ग्रंथ १९९० मध्ये, म्हणजे रथयात्रेच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. तेव्हापासून राष्ट्रीय अस्मितेच्या अभ्यासात 'हिंदू समाज' वा 'मुस्लिम समाज' ही तयार वस्तू म्हणून गृहीत धरणे गंभीर संशोधकाला कठीण झाले आहे. त्यांचे दुसरे प्रतिपादन राष्ट्रवाद्यांना अधिक बोचणारे आहे. १९२० च्या दशकापर्यंत राष्ट्रीय चळवळीचे पुढारीही भारताकडे धर्मसमुदायांचा समुच्चय म्हणूनच पाहत होते. नागरिकांचे राष्ट्र ही कल्पना, आणि तिचा शत्रू म्हणून जमातवाद, ही दोन्ही त्यानंतर एकत्रच घडली.

या मांडणीवर आक्षेप आहेत. सी. ए. बेली यांनी १९८५ मध्येच दाखविले होते की धार्मिक तंटे इंग्रजी अमलाच्या आधीही होत असत. ते खरेच आहे. परंतु तंटा होणे वेगळे आणि त्या तंट्यालाच एखाद्या समाजाची ओळख म्हणून नोंदविणे वेगळे. डाव्यांचा आक्षेप याहून महत्त्वाचा आहे. सारे काही लेखणीनेच घडविले म्हटले, तर ती लेखणी कोणत्या हितसंबंधांसाठी चालली हा प्रश्न मागे पडतो. पांडे यांना याची जाण नाही असे नव्हे. 'धर्मांध जुलाहा' हे सरकारी चित्र पुसताना त्यांनी विणकरांच्या पोटावर आलेला घाला तपशीलवार मांडला आहे. उलट, प्रत्येक दंगल केवळ सावकारीच्या खात्यावर जमा करून मोकळे होण्याच्या सवयीवर त्यांनी केलेली टीका डाव्या कार्यकर्त्यांनी राग न धरता वाचावयास हवी. दंगलीत मरणारा आपल्याला कोणत्या समुदायाचा समजत होता, हा प्रश्न दुय्यम नाही.

३१ जानेवारी २०२४ रोजी वाराणसीच्या जिल्हा न्यायालयाने ज्ञानवापी मशिदीच्या तळघरात पूजेस अनुमती दिली. त्या वादाच्या निमित्ताने वृत्तपत्रांनी इतिहासाचे जे कोष्टक छापले, त्यात १८०९ च्या दंगलीची ठिणगी पुन्हा ज्ञानवापीतच पडलेली होती.