अजून चार शिटा बाकी शेतस

मागच्या दिवाळीत आईला जळगावला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. साडेअकराची वेळ घेतलेली. पारोळ्याच्या अलीकडे आमच्या फाट्यावर नऊपासून उभे. पहिली एसटी भरलेली होती, थांबलीच नाही. काळी-पिवळी उभी होती, पण ड्रायव्हर म्हणाला, "दादा, अजून चार शिटा बाकी शेतस." पन्नास मिनिटं बसलो. शेवटी गाडी भरली, हलली, आणि पुढच्याच फाट्यावर पाच जण हात करत उभे! आमच्याइतकाच वेळ. त्यांना गाडी हवी होती, गाडीला ते हवे होते, मध्ये चार किलोमीटर आणि शून्य माहिती. जळगावला पोचलो तेव्हा डॉक्टर उठून गेले होते.

हे ऐकून आमचे पुण्याचे मित्र म्हणतात, "अॅप काढा ना!" नको राव, अॅप नको. दहा अॅप निघतील, एकाला दुसऱ्याची गाडी दिसणार नाही. मला हवी आहे माहिती लिहायची एकच पद्धत. अमेरिकेत पोर्टलंडच्या बससेवेनं २००५ साली गूगलबरोबर वेळापत्रकाचा एक साधा साचा ठरवला. आज जगभरच्या बस-रेल्वे तोच वापरतात. ठरलेली वेळ नसलेल्या, बोलावल्यावर येणाऱ्या गाड्यांसाठी त्याची पुरवणी २०२४ मध्ये अधिकृत झाली. म्हणजे आपली काळी-पिवळीसुद्धा त्यात बसते. दिल्ली सरकारनं २०१८ मध्येच बसची माहिती सगळ्यांसाठी खुली केली. खान्देशानं काय पाप केलंय?

यंत्र कुठून आणणार, असं विचाराल. अहो, ते गाडीतच आहे! १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या प्रवासी गाड्यांना (रिक्षा वगळून) ठावठिकाणा सांगणारं यंत्र आणि पॅनिक बटण सक्तीचं आहे. गाडी कुठे आहे हे सरकारला कळू शकतं, फाट्यावरच्या म्हातारीला मात्र नाही.

एसटीवाले म्हणतात, ही अवैध वाहतूक आमचं उत्पन्न खाते. खोटं नाही ते. पण २०२१ च्या संपात सरकारनंच खासगी गाड्यांना प्रवासी न्यायची मुभा दिली होती. तेव्हा चालल्या, संप मिटला की पुन्हा चोर! धुळे-जळगाव सुमारे ९० किलोमीटर. एसटीनं हमरस्ता धरावा, जीपनं फाट्यापासून गावापर्यंत न्यावं, तिकीट एकच असावं. बायकांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, पण आईनं जीपला पूर्ण पैसे मोजले. सवलतीचे पैसे सरकार महामंडळाला भरून देतंच. जीपच्या फेरीची नोंद असेल तर तिथेही देता येतील. नोंदच नाही तर द्यायचे कुणाला?

हे मी त्या ड्रायव्हरला सांगितलं. तो हसला. "म्हणजे मी कुठे शिटा भरल्या ते आरटीओला घरबसल्या कळणार. पावती तुम्ही भरणार का?"

गप्प बसलो. खरी गोम इथे आहे. कायद्यानं तो गाडी भाड्यानं देऊ शकतो, टप्प्याटप्प्यावर माणसं घेणं म्हणजे गुन्हा. अशा माणसाकडे माहिती मागणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष मागणं. म्हणून आधी परवाना: ठरलेल्या फाट्यांवर शिटा भरायचा हक्क. मग नियम: वेळापत्रकासाठी दिलेल्या माहितीवरून दंड नाही. (जास्त माणसं कोंबली तर जरूर दंड करा, पण रस्त्यावर पकडून.) त्यानंतर साच्याचं बोला. आपल्याकडे नेमकं उलटं करतात, आधी अॅपचं उद्घाटन! २०२५ मध्ये राज्याचं अॅपवाल्या टॅक्सींचं धोरण आलं. फाट्यावरच्या जीपला त्याचा काय उपयोग?

असो. मावशी वाचत असेल तर सांगतो, आईची नवी वेळ मिळाली आहे, येत्या शनिवारी. त्या ड्रायव्हरचा नंबर मी घेऊन ठेवलाय. सकाळी सातला फोन करून विचारणार, किती शिटा भरल्या. आणि पुढच्या फाट्यावरच्या पाच जणांपैकी एकाचाही नंबर घ्यायला हवा होता, हे आत्ता लिहिताना सुचतंय.